न्यू टोरांटो स्ट्रीटवरचं गोदाम

भारतातून पाहुणे आले की टोरांटो दाखवायचा आपला कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सी.एन. टॉवर, दुसऱ्या दिवशी नायगारा, तिसऱ्या दिवशी जेरार्ड स्ट्रीट (हल्ली ब्रॅम्प्टन) आणि तरीही पाहुणे थकले नसतील तर थाउजंड आयलंड्स. या यादीत शहराचा नैऋत्य कोपरा कधी येत नाही. मी मात्र निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी सकाळी तिथे जातो, म्हणून संपादकांनी आग्रह केला की तुम्ही त्या भागावर लिहा, प्रवासवर्णनासारखं. आता घरापासून पंचवीस मिनिटांच्या प्रवासाचं वर्णन ते काय करणार! पण भाग लिहिण्यासारखा आहे, हे खरं.

डाउनटाउनकडून लेक शोअर बुलेव्हार्डने पश्चिमेला निघून हंबर नदी ओलांडली की हा भाग सुरू होतो. डाव्या हाताला तळं, आणि तळ्याच्या काठाने काचेचे कॉण्डो, एकापेक्षा एक उंच. पूर्वी इथे स्वस्त मोटेल्सची रांग होती. पुढे पार्क लॉनच्या कोपऱ्यावर ख्रिस्टी बिस्किटांचा कारखाना होता. गार्डिनर एक्सप्रेसवेवरून जाताना गाडीत भाजक्या बिस्किटांचा वास भरायचा आणि मागच्या सीटवर मुलं एकदम जागी व्हायची. तो कारखाना २०१३ साली बंद पडला. मग मिमिको हे जुनं गाव लागतं, आणि त्याच्या पलीकडे न्यू टोरांटो.

नावाने फसू नका. हे 'न्यू' १८९० सालचं आहे. रेल्वेच्या रुळांजवळ कारखाने, कारखान्यांजवळ कामगारांची घरं, अशी आखून वसवलेली ही औद्योगिक वसाहत. आखणाऱ्यांना फार घाई असावी, कारण रस्त्यांना नावं देण्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. फर्स्ट स्ट्रीट, सेकंड स्ट्रीट, थर्ड स्ट्रीट असे नुसते आकडे. पुढे लाँग ब्रँचमध्ये हे आकडे चाळिशीच्याही पार जातात! १९१७ मध्ये इथे गुडइयरचा टायर कारखाना आला, १९३१ मध्ये कॅम्पबेलचा सूपचा. १९६७ साली हे गाव इटोबिकोत गेलं आणि १९९८ साली इटोबिको टोरांटोत. मी १९७४ मध्ये आलो तेव्हा माझी पहिली नोकरी याच पट्ट्यातल्या एका लहानशा मशीन शॉपमध्ये होती. किपलिंगवर एका बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं होतं. आठवडाभराच्या पगारात महिन्याचं भाडं जेमतेम निघायचं. जेमतेम का होईना, पण निघायचं. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुडइयर १९८७ मध्ये गेलं. कॅम्पबेलने २०१८ च्या जानेवारीत कारखाना बंद करणार असल्याचं जाहीर केलं. बिस्किटं गेली, सूप गेलं, टायर तर केव्हाच गेले. आज या भागात खाण्याच्या वस्तूंची सगळ्यात मोठी उलाढाल चालते ती न्यू टोरांटो स्ट्रीटवरच्या एका गोदामात. तिथे काही विकलं मात्र जात नाही. ही डेली ब्रेड फूड बँक.

बाहेरून बघितलं तर कुठल्याही गोदामासारखंच. आत गेलं की आधी जाणवते ती थंडी आणि मग उंची. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर पुठ्ठ्याचे प्रचंड खोके, मधून पिवळे दिवे लुकलुकवत फिरणारे फोर्कलिफ्ट. आमचं काम लांब टेबलांपाशी. फायर स्टेशनवर, सुपरमार्केटच्या दाराशी, शाळा-ऑफिसांत लोकांनी टाकलेल्या वस्तू आमच्यापुढे येतात आणि आम्ही त्या निवडतो. डब्यातले चणे एकीकडे, ट्यूना एकीकडे, पास्ता एकीकडे. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात शास्त्र आहे, बरं का. डबा पोटात चेपलेला असेल तर चालतो, पण शिवणीवर किंवा कडेवर चेपला असेल तर थेट कचऱ्यात. 'बेस्ट बिफोर' तारीख उलटून गेली म्हणून पदार्थ खराब झाला असं नसतं, ती चवीची तारीख असते. मात्र तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीवरची तारीख वेगळी. ती उलटली की एक दिवससुद्धा सूट नाही. पाकीट फोडलेलं असेल तर प्रश्नच मिटला.

लोक काय देतात, हे बघणं म्हणजे शहराच्या कपाटात डोकावणं. थँक्सगिव्हिंगनंतर क्रॅनबेरी सॉसचा पूर येतो. कॉकटेलमधले ऑलिव्ह येतात, केकवर टाकायचे रंगीत मणी येतात. एकदा एक मोहरीचा डबा आला, त्याच्यावरची तारीख बघून आमच्या टेबलावरच्या पोर्तुगीज आजीबाई म्हणाल्या, "हा माझ्या नातवापेक्षा मोठा आहे." देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण आपण पुष्कळदा आपल्याला नको असलेलं देतो आणि त्याला दान म्हणतो. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात दोन वर्षांपूर्वी धान्य गोळा केलं, तेव्हा एका उत्साही वहिनींनी घरी केलेल्या चकल्यांचे सहा डबे आणून ठेवले होते. चकल्या अप्रतिम होत्या (हे मी खात्रीने सांगू शकतो). पण घरचा किंवा सुटा करून बांधलेला पदार्थ फूड बँकेला घेता येत नाही. कारखान्यातून बंद होऊन आलेलं, घटकांची यादी छापलेलं पाकीटच लागतं.

फूड बँक ही कल्पना तशी जुनी नाही. १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल नावाच्या गृहस्थांनी पहिली सुरू केली. दुकानांच्या मागच्या टोपल्यांतून टाकलेलं चांगलं अन्न वेचून मुलांना खाऊ घालणाऱ्या एका बाईने त्यांना सुचवलं, की जादा अन्न ठेवायला आणि गरजेला काढायला बँकेसारखी जागा हवी. कॅनडात पहिली फूड बँक १९८१ मध्ये एडमंटनला निघाली, आणि १९८३ मध्ये टोरांटोत ही डेली ब्रेड. तेव्हा मंदी होती. मंदी ओसरली की टाळं लावू, असाच विचार होता. आपल्याकडे नदीवर 'तात्पुरता' पूल बांधतात आणि मग त्याच्यावरून तीन पिढ्या जातात, तसं झालं.

साथीच्या आधी टोरांटोतल्या फूड बँकांत महिन्याला साधारण ६५ हजार वेळा माणसं येत. २०२३ च्या मार्चमध्ये हा आकडा २ लाख ७० हजारांवर गेला. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात मिळून जवळजवळ ३५ लाख फेऱ्या झाल्या. फेऱ्या म्हणजे माणसं नव्हेत, एकच माणूस महिन्यातून दोनदा आला तर दोन फेऱ्या धरतात. पण माणसं मोजली तरी दहा टोरांटोकरांत एकाहून जास्त जणांना फूड बँकेचा आधार घ्यावा लागला. देशभरातल्या रांगेत दर तिघांत एक लहान मूल आहे. २०२४ च्या अखेरीस मिसिसागा आणि टोरांटो या दोन्ही शहरांनी अन्नाची ही ओढाताण म्हणजे आणीबाणी असल्याचं जाहीर केलं.

"पण हे सगळे काम का करत नाहीत?" हा प्रश्न आपल्या पॉटलकमध्ये हमखास येतो, बहुधा श्रीखंडाच्या वेळी. त्याचं उत्तर असं की पुष्कळजण करतात. २०२४ मध्ये देशभरात फूड बँकेवर येणाऱ्यांपैकी साधारण १८ टक्के लोकांचं मुख्य उत्पन्न नोकरीचंच होतं. उरलेल्यांत म्हातारे आहेत, अपंग आहेत, सरकारी मदतीवर जगणारे आहेत. आता ती मदत किती, ते ऐका. ऑन्टॅरिओत एकट्या माणसाला महिन्याला जास्तीत जास्त ७३३ डॉलर, त्यांपैकी ३९० भाड्यासाठी आणि ३४३ बाकी सगळ्यासाठी. हा आकडा २०१८ साली ठरला आणि २०२५ पर्यंत तिथेच बसून राहिला. २०२३ च्या सुमारास टोरांटोत एका बेडरूमचं भाडं अडीच हजारांच्या घरात होतं. ३९० डॉलरमध्ये या शहरात काय मिळतं? बेडरूम तर नाहीच, एखाद्या बेसमेंटमधली गादी मिळाली तरी नशीब!

जुन्या वाचकांना १९९५ साल आठवत असेल. माइक हॅरिस यांच्या सरकारने आल्या आल्या ही मदत २१.६ टक्क्यांनी कापली. समाजकल्याणमंत्री होते डेव्हिड त्सुबूची. एवढ्या पैशात कसं भागवायचं, तर त्यांनी सल्ला दिला की दुकानदाराशी घासाघीस करून ट्यूनाचा डबा ६९ सेंटला घ्या! मंत्रीमहोदयांकडून महिन्याला ९० डॉलर २१ सेंटची खरेदीची यादीही बाहेर आली. त्यात पास्ता होता, पण वर घालायला सॉस नव्हता. पाव होता, लोणी नव्हतं. तेव्हा आपण सगळे पोट धरून हसलो. आजही ट्यूनाचे डबे निवडताना टेबलावरच्या जुन्या मंडळींपैकी कोणी तरी तो विनोद करतंच.

आणि भाड्याचं काय? १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना ऑन्टॅरिओत भाडेवाढीची मर्यादाच नाही. लेक शोअरवरच्या त्या काचेच्या मनोऱ्यांपैकी सगळ्यात नवे यातच येतात. जुन्या घरातला भाडेकरू निघाला की मालक पुढच्याला हवं ते भाडं लावू शकतो. म्हणून माणूस घर धरून बसतो आणि बाकी सगळं सोडतो. घरभाडं ही न टाळता येणारी गोष्ट, पोट मात्र टाळता येतं. आज डाळ नको, उद्या भाजी नको. फूड बँकेची रांग म्हणजे खरं तर भाड्याची रांग आहे, असं मला या टेबलापाशी उभं राहून वाटू लागलं आहे.

गोदामातून माल शहरभरच्या लहान फूड बँकांकडे जातो. कोणी चर्चच्या तळघरात, कोणी कम्युनिटी सेंटरमध्ये. रेक्सडेलमधल्या अशाच एका तळघरात मी अधूनमधून मदतीला जातो. न्यू टोरांटोहून उत्तरेला किपलिंगने सरळ वर गेलं की रेक्सडेल. तळ्याची हवा संपते, मोठे रस्ते, जुन्या उंच इमारती आणि विमानांचा आवाज सुरू होतो. दार उघडायच्या दीड तास आधी बाहेर चाकांच्या पिशव्यांची रांग लागलेली असते. माणूस गारठून जवळच्या डोनटच्या दुकानात जातो, पिशवी त्याची जागा राखते. आपल्याकडे केरोसिनच्या रांगेत डबे ठेवायचे, ते ज्यांना आठवतं त्यांना हे दृश्य नवं नाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा आलेल्याला पोस्टल कोड विचारतात, कारण प्रत्येक फूड बँकेची हद्द ठरलेली असते. मग घरात माणसं किती, मुलं किती, उत्पन्न काय, भाडं काय. विचारणारी बाई गोड आहे, प्रश्न वाचताना आवाज खाली आणते. तरी उत्तर देणारा आधी आजूबाजूला बघतो. त्यानंतर फळ्या मांडलेल्या असतात, माणशी इतके डबे, इतकी अंडी, या हिशेबाने आपलं आपण निवडायचं. सगळं मिळून दोन-चार दिवसांचं होतं. महिन्याचं सामान इथे मिळतं असा समज असेल तर तो काढून टाका.

तिथे गेल्या वर्षी एक मुलगा आला. बॅकपॅक, पातळ जाकीट, कानात फोनची बोंडं. अंड्यांच्या फळीपाशी तो फोनवर बोलत होता, हळू आवाजात. "हो गं आई, जेवलो. भाजी-पोळी केली होती. नाही, थंडी एवढी नाहीये." आणि बोलता बोलता त्याने ट्यूनाचा डबा उचलला, लेबल वाचलं आणि परत ठेवला. घरात कोणी मासे खात नसणार. फोन बंद करून वळला, माझ्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचला, आणि त्याचा चेहरा पडला.

"काका, तुम्ही मराठी?"

म्हटलं, "हो. मुगाची डाळ त्या खालच्या फळीवर आहे, बघ. वर दिसत नाही."

त्याने दोन पाकिटं घेतली. जाताना म्हणाला, "कुणाला सांगू नका हं." मी कुणाला सांगणार होतो? पण त्याला वाटलं असणार की मराठी माणूस म्हणजे बातमी थेट नाशिकला पोचली.

या मुलांबद्दल आपल्यात काय बोललं जातं, ते मी ऐकलेलं आहे. फुकट किराणा कसा मिळवावा असे व्हिडिओ मध्यंतरी फिरले आणि २०२३ मध्ये ब्रॅम्प्टनच्या एका फूड बँकेने परदेशी विद्यार्थ्यांना दार बंद केलं, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "आपली मान खाली घातली." "पैसे नव्हते तर आले कशाला?" आणि मग अर्थातच, "आम्ही आठ डॉलर घेऊन आलो होतो!"

मंडळी, आठ डॉलर मीही घेऊन आलो होतो, आणि ती गोष्ट मीही प्रत्येक पार्टीत सांगतो. पण मी आलो तो पी.आर.चा कागद हातात घेऊन, आणि तिसऱ्या आठवड्यात नोकरीला लागलो. मघाचा भाड्याचा हिशेब आठवा. हा मुलगा आला तो बापाची जमीन गहाण टाकून, एजंटाला पैसे मोजून आणि इथल्या मुलाच्या कितीतरी पट फी भरून. येताना राहण्या-खाण्यासाठी खात्यात किती पैसे दाखवायचे? तर १० हजार डॉलर. हा आकडा सरकारने वीसएक वर्षं हलवला नव्हता. १ जानेवारी २०२४ ला तो एकदम २०,६३५ केला. म्हणजे आधीचे पैसे पुरणारे नव्हते, हे सरकारने स्वतःच कबूल केलं. पण त्या आधी आलेली मुलं इथे बेसमेंटमध्ये सहा-सहा जण राहतच होती. नोविद्यार्थी म्हणून किती तास काम करता येईल त्याला मर्यादा, ती २०२२ मध्ये उठवली आणि २०२४ मध्ये पुन्हा आणली. काही लबाड मुलं असतीलही, नाही कशाला म्हणू? पण दीड तास बर्फात उभं राहून चण्याचे दोन डबे न्यायचे, ही चैन म्हणून कोणी करत नाही.

आणि आपल्याला याची एवढी लाज का वाटावी, हे मला कळत नाही. पुण्यात माधुकरी मागून शिकलेली, वार लावून जेवलेली माणसं आपल्याच घराण्यांत होऊन गेली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माझे आजोबा असेच मॅट्रिक झाले, आणि घरात ती गोष्ट अभिमानाने सांगत. १९७२ च्या दुष्काळात बाहेरून आलेली लाल मिलो आणि कामावरची सुकडी खाऊन वाढलेले निदान चार-पाच जण आपल्या मंडळात आहेत. तेव्हा ते संकट होतं, आता ती मान खाली घालायची गोष्ट झाली.

त्या मुलाने मला नंतर सांगितलं, की शनिवार-रविवारी ते सगळे मिसिसागात डिक्सी रोडवरच्या ऑन्टॅरिओ खालसा दरबारात लंगरला जातात. तिथे पोस्टल कोड विचारत नाहीत. डोकं झाकायचं, खाली बसायचं, डाळ-रोटी येते, आणि मग हवं तर भांडी घासायला उभं राहायचं. "तिथे बरं वाटतं," म्हणाला, "कारण भांडी घासता येतात." आपल्याकडे अशी जागा नाही. आपलं जेवण तिकिटावर, आणि तिकीट नोव्हेंबरच्या आत घेतलं तर पाच डॉलर कमी!

असो. येत्या दिवाळीच्या कार्यक्रमात दाराशी पुन्हा टेबल लावणार आहोत, म्हणून थोडं कामाचं सांगतो. तूरडाळ, मूगडाळ, मसूर आणा, पण दोन पौंडांची पाकिटं आणा. २० पौंडांची कणकेची पिशवी देताना देणाऱ्याला बरं वाटतं, पण नेणारा बसने जाणार असतो. तेल आणा, लहान बाटलीत. बाळाची पावडर, डायपर, सॅनिटरी पॅड हे कोणाच्या लक्षात येत नाही आणि कायम कमी पडतं. काही सुचलं नाही तर चेक लिहा. फूड बँकेला घाऊक भावात मिळतं, तुम्हाला टॅक्सची पावती मिळते, आणि हल्ली दान आलेलं पुरत नाही म्हणून त्यांना पुष्कळसं विकतच घ्यावं लागतं.

गेल्या गुरुवारी गोदामात मसूरडाळीचा मोठा खोका आला. पोर्तुगीज आजीबाईंनी एक पाकीट हातात घेऊन विचारलं, हे शिजवतात कसं? लोक फळीवरून उचलत नाहीत, त्यांना माहीतच नाही. म्हणून आम्ही पाकिटाबरोबर द्यायला एक लहानसं कार्ड करायचं ठरवलं. कुकर धरायचा नाही, कारण पुष्कळ बेसमेंटवाल्यांना वरचा घरमालक शिट्टी होऊ देत नाही. एक वाटी डाळ, तीन वाट्या पाणी, हळद, मीठ, वीस मिनिटं. इथवर सोपं होतं. 'फोडणी'ला इंग्रजीत काय लिहावं यावर मात्र आमचा अर्धा तास गेला. शेवटी बाईंनी मसाल्याच्या खोक्यातून जिऱ्याचं पाकीट शोधून काढलं आणि विचारलं, "हे किती?"

म्हटलं, "एक चमचा. पण तेल आधी चांगलं तापू दे."